वादी माझा भाऊ

बिशान, सिंगापूर
१७ जून २०२५

दादा,

फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघंही ओरडायला लागतो, आणि मग इरा तिच्या खोलीचं दार लावून घेते. म्हणून लिहितेय. ईमेलने येत असलं तरी हे पत्र समज आणि दुकानाच्या काउंटरवर गिऱ्हाइकं सांभाळत वाचू नकोस.

आज सकाळी तांजोंग पगारला ऑफिससाठी मेट्रोतून उतरले आणि फोन वाजला. तुमच्या गावाची बाजू मांडणाऱ्या वकील बाई होत्या, मिस डेल्गाडो. जत्रेतल्या गोळीबारानंतर कौन्सिलने यंदा गावात सेमी-ऑटोमॅटिक रायफली आणि त्यांच्या गोळ्यांच्या मोठ्या पेट्या बाळगायला बंदी केली आणि त्या बंदीविरुद्ध आता फेडरल कोर्टात दावा लागलाय, एवढं मला बातम्यांमधून माहीत होतं. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही तिथे होतात. तुमचे पती तिथेच गेले. तुम्ही जे पाहिलं, ऐकलं, ते शपथेवर सांगाल का?" मी म्हटलं, विचार करून कळवते. मग त्या म्हणाल्या, "वादींपैकी एक तुमचे भाऊ आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच."

मला ठाऊक नव्हतं, दादा. तरी "हो, हो, ठाऊक आहे" असं म्हणून मोकळी झाले. तुझी लाज राखली की माझी, कोण जाणे.

सारंगला तुझ्या स्टॉलवर मारलं. तुझे वडे तळत होता तो. येत्या सप्टेंबरात चार वर्षं होतील. ज्या जातीच्या रायफलीने तो गेला, ती घरात ठेवायचा हक्क मागायला तू कोर्टात गेलास, आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्याशी इराच्या अभ्यासाच्या आणि पावसापाण्याच्या गप्पा मारत राहिलास.

मला कारण हवंय. गोल गोल नको.

वहिनीला नमस्कार.

नीता


एल्मग्रोव्ह, अमेरिका
२२ जून २०२५

प्रिय नीता,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं नाही, कारण तू काय म्हणशील ते माहीत होतं. चुकलं. पण दावा लावला यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तू इराला घेऊन सिंगापूरला गेलीस त्याच हिवाळ्यात आपल्या दुकानाची काच फोडली. तुला मी "पोरांनी दगड मारला" एवढंच सांगितलं होतं. खरं असं झालं की दोघं आत शिरले. मी मालाला शहरात गेलो होतो, अनघा एकटी होती. ती मागच्या कोठीत गेली आणि आतून कडी घातली. ते बाहेरून दार ठोकत होते आणि आपापल्या देशात चालते व्हा म्हणून ओरडत होते. दाराला तांदळाची पोती लावून ती त्यांच्यावर बसून राहिली. पोलीस आले तेव्हा ते निघून गेले होते. पोलीस सभ्यपणे बोलले, पण पुढच्या वेळी लवकर येऊ असं काही त्यांना म्हणता आलं नाही.

त्यानंतर मी रायफल घेतली. रीतसर परवाना काढला, शिकलो, तिजोरीत ठेवतो. ही रायफल म्हणजे काही राक्षस नाही. चाप एकदा दाबला की एक गोळी सुटते, पुन्हा दाबला की पुन्हा. त्या माणसाच्या हातात तीच होती हे मी विसरलेलो नाही. पण त्या दिवशी माझ्या हातात काय होतं सांगू? व्हॅनमधून आणलेले चटणीचे डबे. आवाज ऐकला आणि ते डबे घेऊनच मी धावत सुटलो. ते खाली टाकायचंही सुचलं नाही.

तू गेलीस याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी इथे राहिलो, नीता. रोज सकाळी त्याच रस्त्यावरचं दुकान उघडतो. तुमच्या सिंगापुरात पोराला मिसरूड फुटली की सरकार हातात रायफल देतं आणि सगळे कौतुक करतात. मी एक ठेवली तर मी वाईट?

एकच मागतो. तू जबानी देऊ नकोस. आमचा वकील हॅरिस म्हणतो, गेलेल्याच्या बायकोचं बोलणं न्यायाधीशांच्या मनात राहतं. दावा हरण्याचं एवढं नाही. पण एका कागदावर माझं नाव आणि समोरच्या कागदावर तुझं, हे मला बघवणार नाही.

तुझा,
दादा


बिशान
७ जुलै २०२५

दादा,

वहिनीचं पुन्हा पुन्हा वाचलं. मला का नाही सांगितलंत? मी लांब आहे म्हणून माझ्याशी फक्त गोड बोलायचं, असं तुम्ही दोघांनी ठरवलंय का?

तुझं पत्र आलं तेव्हा मी नाही म्हणणारच होते. भाऊ नको म्हणतोय, बरंच झालं, सुटले, असं वाटलं. डेल्गाडो बाईंना लिहायला घेतलंही होतं.

मग परवाचा शनिवार. ऑफिसात काम राहिलं होतं म्हणून गेले. सध्या दर शनिवारी राष्ट्रीय दिनाच्या परेडची तालीम असते आणि खाडीवरून तोफांची सलामी देतात. दरवर्षी मी त्या दिवसांत लिटिल इंडियात नाहीतर लायब्ररीत जाऊन बसते. या वेळी लक्षातच राहिलं नाही. पहिला आवाज झाला आणि मला कळायच्या आत मी टेबलाखाली होते. ऑफिसातली मिस लिम खाली वाकून, इथल्या सवयीने वाक्याला 'लाह' लावत म्हणाली, "नीता, इट्स ओन्ली द परेड, लाह." तिने हात धरून मला बाहेर काढलं, चहा आणून दिला आणि पुढे काही विचारलं नाही. माणसं चांगली आहेत इथली. विचारत नाहीत म्हणूनच मला इथं राहणं सोपं गेलं.

घरी आल्यावर इराला सगळं सांगितलं. साक्षीचं, तुझ्या दाव्याचं, टेबलाचंही. मला वाटलं होतं, घाबरेल. ती नूडल्स खाता खाता म्हणाली, "आई, यू वर देअर, राइट? देन जस्ट से लाह." मी म्हटलं, मामाच्या विरुद्ध जाईल ते. तर म्हणाली, "मामालाही सांगू दे ना त्याचं. तुझं तू सांग. तू तर मलापण कधी सांगितलं नाहीस."

खरंच नव्हतं सांगितलं. त्याच टेबलाशी बसून तिला सांगितलं. आता तुलाही लिहिते.

पहिला आवाज झाला तेव्हा सारंगने मला ढकलून टेबलाखाली घातलं. मागोमाग तोही येऊ शकला असता. पण कढईत तेल उकळत होतं आणि समोर पोरं रांगेत उभी होती, म्हणून तो गॅस बंद करायला वळला. गोळ्या चालूच होत्या. मधे श्वास घ्यायलाही फट नव्हती. सारंग पडला, पलीकडच्या मधाच्या स्टॉलवरच्या आजी पडल्या, मी डोळे मिटून घेतले, तरी चालूच. आणि मग एकदम थांबलं. कोणीतरी ओरडलं, "पळा!" आणि आम्ही पळालो. मी, ती रांगेतली पोरं, सगळे. पुन्हा सुरू झालं तेव्हा आम्ही भिंतीआड होतो.

तो थांबला म्हणून मी जिवंत आहे. तो आधी थांबला असता, त्याला आधी थांबावं लागलं असतं, तर सारंग जिवंत असता. मला एवढंच सांगायचंय. तुझ्याविरुद्ध त्यात एक अक्षर नाही. पण मी सांगणार आहे. बाईंना होकार कळवला.

आणि इथल्या पोरांचं म्हणशील तर, आमच्या शेजारणीचा मुलगा आहे ना सक्तीच्या लष्करी सेवेत. त्याला रायफल देतात आणि काम झालं की मोजून परत घेऊन कुलपात ठेवतात. घरी तो मळके कपडे तेवढे आणतो.

नीता


एल्मग्रोव्ह
१२ जुलै २०२५

नीता,

तुझी मर्जी.

मग मीही माघार घेणार नाही. हॅरिस तुझी उलटतपासणी घेईल. टेबलाखाली डोळे मिटून बसलेल्या बाईला बाहेर काय चाललं होतं ते कसं कळलं, असं तो विचारणार आहे. मी त्याला थांबवू शकत नाही आणि थांबवणारही नाही.

विक्रांत


एल्मग्रोव्ह
३ ऑगस्ट २०२५

प्रिय नीता,

सप्रेम नमस्कार. मी तुला लिहितेय हे यांना माहीत नाही. चोरून असं नाही, पण विचारून लिहायची माझी पद्धत नाही.

तुमच्या दोघांची पत्रं मी वाचली. यांनी वाचायला दिली. शेवटचं जे त्यांनी तुला लिहिलं, ते पाठवून झाल्यावर माणूस गाडीत जाऊन बसला. जेवायला हाक मारली तरी आला नाही. रविवारचा तुझा फोन बंद झाल्यापासून रविवारी काय करायचं ते त्यांना कळत नाही. दुकानातली तीच फळी तीनतीनदा पुसतात.

पण मी त्यांची बाजू मांडायला हे लिहीत नाहीये. माझी मांडायला लिहितेय. तुम्ही दोघं माझ्याविषयी बोलता, मला कोणी विचारत नाही. तू सारंगभावजींबद्दल बोलतेस, हे कोठीबद्दल बोलतात. कोठीत मी होते.

नीता, ती रायफल मला हवी आहे. यांच्याइतकीच मला. नेमबाजीच्या रेंजवर मीही जाते. तुझ्या वकील बाई म्हणतात, पिस्तुलाला बंदी नाही, पिस्तूल ठेवा. मी ठेवून पाहिलं. हातात धरलं की माझा हात थरथरतो. रायफल खांद्याला टेकते, स्थिर राहते. मी पन्नाशीची, पाच फूट उंचीची बाई आहे. मला दुसरं काही जमत नाही. ते दार ठोकत होते तेव्हा मी पोत्यांवर बसून एकच विचार करत होते, आता यांना मी काय करू शकते? काहीच नाही. पुन्हा तसं बसणार नाही.

तू जे सांगणार आहेस ते सांग. तुझं खोटं आहे असं मी कधी म्हणणार नाही. फक्त, आमच्या घरातली रायफल म्हणजे यांच्या डोक्यातलं खूळ, असं समजू नकोस.

इराला खूप खूप प्रेम.

तुझी,
अनघावहिनी


बिशान
२८ ऑगस्ट २०२५

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं त्यालाही दिवस झाले. उत्तर द्यायला उशीर केला, कारण काय लिहावं ते समजेना. तुझ्याशी वाद घालावासा वाटला, पण घालता येईना. तुला विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. एवढंच आज लिहिते.

काल जबानी झाली. दादाला वाचून दाखवलंस तरी चालेल.

तांजोंग पगारलाच एका वकिलाच्या कचेरीत सोय केली होती. इथे सकाळ, तुमच्याकडे संध्याकाळ. मोठ्या पडद्यावर एका बाजूला डेल्गाडो बाई, दुसऱ्या बाजूला हॅरिस. मला वाटलं होतं दादाही दिसेल. नव्हता. बरं वाटलं आणि वाईटही.

सांगायचं ते सगळं सांगितलं. गॅसचंही सांगितलं. मग हॅरिसची पाळी आली. माणूस उद्धट नाही. हळू आवाजात विचारतो, त्यानेच जास्त घाम फुटतो.

"तुम्ही टेबलाखाली होतात?"

"होते."

"डोळे मिटले होते?"

"मिटले होते."

"म्हणजे तो का थांबला हे तुम्ही पाहिलं नाही."

"नाही पाहिलं. ऐकलं."

"पोलिसांना पाहून थांबला असेल? बंदूक अडकली असेल? ती दुसऱ्या कुठल्याही प्रकारची असती तरी अडकलीच असती, नाही का?"

वहिनी, मला एवढंच म्हणता आलं, "मला माहीत नाही." शपथ घेतली होती. जे पाहिलं नाही ते पाहिलं कसं म्हणू? त्याने मान हलवली आणि आभार मानले. डेल्गाडो बाई नंतर म्हणाल्या, छान झालं. पण त्यांचा चेहरा तसं म्हणत नव्हता. सगळं माझ्या त्या एका फटीवर उभं होतं आणि ती फट कशामुळे पडली हेच मला सांगता आलं नाही.

बाहेर पडले आणि तशीच कामावर गेले. रडले नाही. हरले असेन, पण सांगून हरले. न सांगता इतकी वर्षं राहिले, त्यापेक्षा हे बरं.

तू जप.

नीता


एल्मग्रोव्ह
१० ऑक्टोबर २०२५

प्रिय नीता,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अनघाने वाचून दाखवलं. एकदा वाचलं, मग मी म्हटलं पुन्हा वाच.

माझी जबानी गेल्या महिन्यात झाली. डेल्गाडो बाईंनी आधी इकडचं तिकडचं विचारलं: रायफल कधी घेतली, कुठे ठेवता. मी काचेचं सांगितलं, कोठीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "जत्रेच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" मी म्हटलं, व्हॅनकडून धावत येत होतो.

"कुठपर्यंत आलात?"

"लायब्ररीच्या कोपऱ्यापर्यंत."

"तिथून काय दिसलं?"

नीता, हे मी तुला कधी सांगितलं नाही. पोलिसांनी त्या वेळी फक्त माणूस कसा दिसत होता एवढंच विचारलं होतं. मी कोपऱ्यावर आलो आणि तो मला दिसला, खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला दिसावा इतका जवळ. मान खाली घालून उभा होता. गोळ्यांची रिकामी पेटी त्याने काढून टाकली होती आणि खिशातून दुसरी ओढत होता. ती लवकर बसेना. आणि त्याच्या पाठीमागून तू पळताना दिसलीस. तुझ्या मागून ती पोरं. पोलिसांचा पत्ता नव्हता. बंदूक अडकलेली नव्हती. पेटी संपली होती, बाकी काही नाही.

मी इतकी वर्षं तो क्षण माझ्या बाजूचा समजत आलो. त्या वेळी माझ्या हातात डब्यांऐवजी दुसरं काही असतं तर, हाच विचार. म्हणूनच रायफल, म्हणूनच दावा. हॅरिसला हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो म्हणाला होता, विचारलं नाही तर आपणहून बोलू नका, त्याचा त्यांना उपयोग होईल.

आता विचारलं होतं. हॅरिसने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तो पेटी बदलत होता. मी स्वतः पाहिलं. माझी बहीण सांगते ते खरं आहे. ती त्या फटीतून निघाली."

डेल्गाडो बाईंनी विचारलं, "ही पेटी लहान असती, तर तो आधी थांबला असता?"

हॅरिसने हरकत घेतली. तरी उत्तर द्यावं लागलं. मी म्हटलं, "हो."

बाहेर आल्यावर हॅरिस म्हणाला, "तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" मी म्हटलं, "तुमच्याच. पण सारंग माझ्या स्टॉलवर गेलाय. त्याच्याबद्दल मी अर्धवट बोलणार नाही."

सोमवारी निकाल आला. दाव्याचा शेवट लागेपर्यंत बंदीला स्थगिती द्यायला न्यायाधीशांनी नकार दिला, म्हणजे बंदी आता लागू. निकालात तुझं म्हणणं आहे, आणि त्याच्याच खाली माझं. वाचताना विचित्र वाटलं. लहानपणी आई आपल्याला एकत्र उभं करून जाब विचारायची, तसं.

रायफल काल गावाबाहेर क्लबच्या तिजोरीत ठेवून आलो. अनघा बरोबर होती. दुकानाच्या मागच्या दाराला आता लोखंडी चौकट बसवतोय, पण ती म्हणते चौकटीने झोप येत नाही.

म्हणून आम्ही अपील करणार आहोत. मी नाव मागे घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. तुला वाटलं असेल की भावाचं मन बदललं. नाही बदललं. मी जे पाहिलं ते सांगितलं, आणि मला जे हवं ते अजून हवंच आहे. तुला हे पटणार नाही. पण तुझ्यापासून लपवून काही करायचं नाही, हे मात्र आता ठरलं.

या रविवारी फोन करू का?

तुझा,
दादा


बिशान
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

प्रिय दादा,

रविवारी फोनवर तू, मी, वहिनी, तिघंही हवापाण्याचंच बोललो. कोणी विषय काढला नाही. पण फोन ठेवल्यावर इरा म्हणाली, "मामाचा आवाज नॉर्मल झाला." मग बरं वाटलं.

आता जे तोंडाने बोलता आलं नाही ते लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बिशान पार्कमधून चालत घरी आले. बाकावर बसून पुन्हा वाचलं. तू कोपऱ्यावर उभा होतास, तुला तो दिसत होता, मी दिसत होते आणि तुझ्या हातात काही नव्हतं. हे चार वर्षं एकट्याने घेऊन बसला होतास. मी म्हणायची, दादाला काय कळणार, तो तर व्हॅनकडे होता. मला माफ कर.

तू माझ्यासाठी तुझा दावा लंगडा केलास, असं इथे एक-दोघींनी म्हटलं. मी म्हटलं, माझ्यासाठी नाही. तो तसाच आहे. आईने विचारलं की फोडलेल्या कपाची कबुली द्यायचा आणि वर कप तिथे ठेवायलाच नको होता म्हणून भांडायचा.

डेल्गाडो बाईंचा निरोप आलाय. तुमच्या अपिलाची सुनावणी मार्चमध्ये आहे. तिथे साक्षीदारांना बोलावत नाहीत, फक्त वकील बोलतात. यायची काही गरज नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मी येणार. इराला मार्चमध्ये आठवडाभर सुट्टी असते. तिला तिच्या बाबाचं गाव आता मोठेपणी बघायचंय, आणि मला ती जागा पुन्हा एकदा उभ्याने बघायचीय. तिकिटं काढली आहेत.

हॉटेलचं नाव काढू नकोस. आम्ही तुझ्याच घरी उतरणार. वहिनीला सांग, मी आल्यावर पहिला दिवस तिच्याबरोबर दुकानात बसणार आहे. कोठीत जाणार आहे, पोती लावून आतून कडी घालणार आहे आणि तिला जे सांगायचं असेल ते सगळं ऐकणार आहे. त्यानंतरही मला बंदी हवीच असेल, हे तिला आत्ताच सांगून ठेव. तिला राग आला तर समोर येऊ दे.

सुनावणीच्या दिवशी आपण एकाच गाडीतून जाऊ. तू चालव, त्या रस्त्यांवर चालवायची माझी सवय मोडलीय. कोर्टात शिरल्यावर तू तुझ्या बाजूच्या बाकावर बस, मी माझ्या बाजूच्या बसेन. इराला विचारलं, तू कुठे बसशील? म्हणाली, "मधे, लाह."

ओवाळणी काय पाठवतोस ते विचारत नाही. मार्चमध्ये येऊन हातात घेईन.

तुझी,
नीता